घेवड्याचा हंडा आणि जाता जाता केलेला नियम

मी घेवड्याचा हंडा बोलतोय. दोन कान, एक जाड कडी, वर जड झाकण आणि खाली तीन आखूड पाय, एवढाच माझा संसार. अंगाने काळा ठिक्कर. पोट असं की सबंध गाव जेवून उठलं तरी तळाला थोडं उरतंच. घाई कशाशी खातात ते मला ठाऊक नाही. माझ्यात जे शिजतं ते जमिनीखाली, सावकाश शिजतं. तेव्हा तुम्हीही जरा टेका. मी सांगतो.

माझा जन्म नदीकाठच्या ओतशाळेतला. वाळूच्या साच्यात तापलेलं लोखंड ओतलं आणि मी झालो. ज्याने मला साच्यातून बाहेर काढलं त्याने हातोडीने हलकेच ठोकून पाहिलं. मी घणघणलो. "बोलतोय चांगला," तो म्हणाला. बोलतोय खरा, पण ऐकायला कुणी बसलं नाही तो भाग वेगळा.

तिथून मी थेट जंगलात गेलो, लाकूडतोड्यांच्या तळावर. तळाचा आचारी खड्डा खणायचा, त्याला आतून दगड लावायचा आणि त्यात मेपलची लाकडं जाळून निखारा करायचा. मग माझ्यात भिजवलेला घेवडा, काकवी, मोहरी, कांदा आणि खारवलेल्या डुकराचा तुकडा घालून मला त्या निखाऱ्यात उतरवायचा आणि वरून माती लोटायचा. आपल्याला पुरतायत असं पहिल्या वेळी वाटलं. सकाळी उकरून काढलं, झाकण उघडलं आणि भोवती बसलेले ते दांडगे गडी लहान पोरांसारखे ताटल्या पुढे करून बसले. त्या दिवसापासून मला पुरण्याची भीती वाटली नाही.

त्या तळावरची एक गोष्ट मनात राहिली आहे. आमचा एक आचारी काम सोडून निघाला. आयुष्यभर कुणाला दोन शब्द नीट सांगितले नाहीत त्याने, पण जायच्या दिवशी एका फळीवर सगळे नियम लिहून ती फळी चुलीच्या वर भिंतीला ठोकली. डाव कुठे टांगायचा, मीठ कुणी घालायचं, काय न् काय. नवा आचारी आला. आल्या आल्या पहिलं काम काय केलं, तर ती फळी उपटून चुलीत घातली. "गेलेल्या माणसाने मला शिकवायचं?" म्हणाला. त्या फळीच्या शेवटी लिहिलं होतं, कडी फडक्याने धरा. नव्याने ते वाचलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तळहात पोळून बसला.

पुढे रस्ते झाले, ट्रक आले, तळ मोडले. मी एका गोठ्यात पडून राहिलो. कोंबड्या माझ्यात अंडी घालायच्या. वाईट दिवस म्हणणार नाही मी त्यांना. कोंबडीची ऊब निराळी असते. पण कढ येणारं पोट ज्याला मिळालं, त्याचं अंड्यांवर समाधान होत नाही. शेवटी ऑल्डर फॉर्क गावच्या एका व्हिटकोम म्हाताऱ्याने मला पाहिलं, घासलं, चरबी चोपडली आणि गावच्या शेतकरी सभागृहात आणून ठेवलं. म्हातारा गेला तसं माझं सगळं त्याच्या सुनेकडे, व्हर्नाकडे आलं.

व्हर्ना म्हणजे उंच, हाडापेराने मोठी बाई. बोलणं कमी. दर ऑगस्टमध्ये एका शनिवारी सभागृहात गावजेवण असतं, त्याची ती मालकीण. खड्डा पेटवायला शेजारचा डेल्बर्ट फॉग. हा बडबड्या. लाकूड एक टाकील आणि गोष्टी चार सांगील.

त्या जेवणाला सगळे येतात. बटाटे पिकवणारे शेतकरी येतात, कागद गिरणीतून निवृत्त झालेले येतात, उन्हाळ्यापुरते तळ्याकाठी राहायला येणारे शहरी लोकही येतात. लांबच लांब टेबलं, त्यावर माझा घेवडा, काळा पाव, कोबीची कोशिंबीर आणि काकडीचं लोणचं. डेल्बर्टचा एक सख्खा भाऊ आहे, एलिस. एका होडीच्या इंजिनावरून दोघांचं फाटलं ते फाटलंच. रस्त्यात भेटले तर एक झाडाकडे बघतो, दुसरा आभाळाकडे. पण त्या शनिवारी व्हर्ना दोघांना मुद्दाम समोरासमोर बसवते आणि लोणच्याची बरणी एलिसच्या बाजूला ठेवते. मग डेल्बर्टला म्हणावंच लागतं, "लोणचं दे." एलिस देतो. वर्षभरात दोन भावांचं बोलणं एवढंच. पण होतं.

असं चाललं होतं. आणि एका हिवाळ्यात तो नियम आला.

झालं असं, की आमच्या राज्याचा गव्हर्नर, अमेरिकेत तो लोकच निवडतात, निवडणूक हरला. नवा यायला अजून अवकाश होता. मधल्या काळात जुन्याने राहिलेली कामं उरकायला घेतली. इतकी वर्षं जे नियम खात्यांच्या टेबलांवर लोळत होते त्यांवर भराभर सह्या झाल्या. माणूस वाईट नव्हता हो. घर सोडताना आपण नाही का, इतके दिवस गळणारा नळ शेवटच्या सकाळी दुरुस्त करत? तसलंच ते. त्यातला एक नियम जेवणावळींचा होता. लोकांना वाढायचं अन्न परवाना असलेल्या स्वयंपाकघरातच शिजलं पाहिजे. भांडं पोलादाचं पाहिजे. तापमापकाचा काटा घालून किती तापलंय ते पाहिलं पाहिजे. आणि जमिनीत पुरून काहीही शिजवायचं नाही.

डेल्बर्टने ते रेडिओवर ऐकलं आणि बर्फातून धापा टाकत सभागृहात आला.

"व्हर्ना, अगं तुझा हंडा गुन्हेगार झाला!"

"काय केलं त्याने?"

"लोखंडाचा निघाला. वर जमिनीत झोपतो."

व्हर्ना हसली नाही. माझ्या झाकणावर हात ठेवून उभी राहिली. "मग ऑगस्टात काय करायचं?" ती म्हणाली.

"पोलादाच्या भांड्यात, गॅसवर घेवडा," डेल्बर्ट म्हणाला. "मी नाही येणार खायला. कुणीच नाही येणार." आणि थोडं थांबून, दाराकडे बघत म्हणाला, "एलिस तर नाहीच येणार."

नव्या वर्षी नवं विधिमंडळ भरलं. आमच्या भागातून ऑरिन बील निवडून आला होता. हा शाळेची बस चालवायचा, आमदार झाल्यावरही सकाळची फेरी सोडली नव्हती. एका दुपारी तो आमच्या गावच्या सभागृहात आला आणि टेबलावर कोपरं टेकून त्याने सगळं समजावून सांगितलं.

"जाणाऱ्या सरकारने शेवटी शेवटी केलेला नियम नव्या विधिमंडळाला मोडता येतो," तो म्हणाला. "पण त्याला मुदत असते. ती टळली की नियम पक्का."

"मग मोडा की," डेल्बर्ट म्हणाला.

"ऐक तर खरं. मोडायचा तर अख्खा. त्यातलं एक कलम ठेवून दुसरं काढता येत नाही. आणि एकदा मोडला की खात्याला तसला नियम पुन्हा आणता येत नाही."

"उत्तम! कटकटच गेली."

मला मात्र ती चुलीत गेलेली फळी आठवली. पण हंड्याला कोण विचारतो?

सुनावणीला व्हर्ना मला घेऊनच राजधानीत गेली. "काय मोडायला निघालेत ते बघू तरी दे त्यांना," म्हणाली. समितीच्या खोलीत मला टेबलावर ठेवलं, खाली वर्तमानपत्र घालून. आमदारांनी कौतुकाने माझं झाकण उचलून पाहिलं. फक्त एक बाई जागची हलली नाही. बुटकी, केस पांढरे, चष्मा साखळीला अडकवलेला. तिचं नाव ल्यूसिल पेल्तिए. गिरणीच्या गावची आमदार आणि जन्मभर परिचारिका. तिच्याच गावात एका जेवणावळीतल्या शिळ्या कोंबडीने अर्धी वस्ती आजारी पडली होती. नियमाचं मूळ तिथं होतं.

"व्हिटकोमबाई," तिने विचारलं, "हा हंडा उकरता तेव्हा मधोमध किती तापलेला असतो?"

"पुरेसा."

"पुरेसा म्हणजे किती?"

"घेवडा शिजेल एवढा."

खोलीत हशा पिकला. ल्यूसिल हसली नाही. "आमच्या स्वयंपाकिणीही असंच म्हणायच्या," ती शांतपणे म्हणाली. "मी त्या आठवड्यात घरोघर फिरत होते. एक म्हातारे गृहस्थ अजून धड उभे राहत नाहीत. मला पुरेसं हा शब्द पुरत नाही, बाई."

व्हर्नाची मान खाली गेली. खरं सांगू? मलाही ठाऊक नव्हतं मी किती तापतो. इतकी वर्षं पोटात कढ घेऊन बसलो, पण तो कधी मोजला नाही.

समितीने नियम मोडायचा ठराव पुढे पाठवला. मतदान आलं ते बरोबर मुदतीच्या शेवटच्या दिवशी. त्या दिवशी इकडे की तिकडे.

आणि डेल्बर्टला कल्पना सुचली. "भाषणं कशाला? खायला घालू त्यांना! फुकट घालायचं, घरचं म्हणून. मग नियम आड येत नाही. एकदा खाल्लं की कोण विरोधात जाईल?"

ऑरिन म्हणाला, "तसं करू नये बहुधा." पण बहुधा म्हणाला ना, मग डेल्बर्ट कशाला थांबतो? बर्फ वितळून सगळीकडे चिखल झाला होता. त्या चिखलात खड्डा उकरला, लाकडं पेटवली, मला पुरलं. सकाळी काढून गोधड्यांत गुंडाळून ट्रकात चढवलं. राजधानीच्या त्या मोठ्या इमारतीच्या तळघरात एक खोली मिळाली. व्हर्नाने झाकण उघडलं. काकवीचा वास जिन्याने वर गेला आणि त्याच जिन्याने आमदार खाली आले.

काय जेवले म्हणता! कोट काढून ठेवले, बाह्या सरसावल्या. "माझी आजी असाच करायची," जो तो म्हणत होता. आमच्या बाजूचे बरेचसे आले, त्यातही बोलके पहिल्या पंगतीला. तळघरात भिंतीवर एक डबा आहे, त्यातून वरच्या सभेतलं बोलणं खाली ऐकू येतं. कुणीतरी दुसऱ्याच कुठल्या विषयावर बोलत होतं. डेल्बर्टने त्याची कळ फिरवून आवाज बंद केला.

"भाषणाने घेवडा पचत नाही," तो म्हणाला. सगळे हसले.

मग वर सभेत बोलावणारी घंटा झाली. सगळ्यांनी ऐकली. दोघे-तिघे उठलेही.

"बसा हो," एक जाडजूड आमदार पाव मोडत म्हणाला. "आधी भाषणं होतील. आपल्या विधिमंडळात भाषणांशिवाय कधी मतदान झालंय? अजून वाढा बाई मला."

बरोबरच होतं त्याचं. तिथे कुत्र्यांच्या परवान्यावरही दुपार जाते. पण भाषणं करणारे सगळे माझ्याभोवतीच बसले होते ना! वर अध्यक्षांनी विचारलं, कुणाला बोलायचंय? नवखा ऑरिन दाराकडे बघत राहिला, दुसरं कुणी उठलं नाही. म्हणून त्यांनी थेट मतं घेतली.

ऑरिन जिन्यावरून धावत खाली आला. "हरलो," तो म्हणाला. "थोडक्यात हरलो. तुम्ही सगळे इथे!"

हातातले चमचे हातात राहिले. डेल्बर्टने भिंतीवरच्या त्या डब्याकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे. आमदार एकेक करून खाली मान घालून वर गेले. माझ्यात अजून बराच घेवडा होता, आणि तो कुणाला नको होता. मला आयुष्यात पहिल्यांदा जड वाटलं.

"आता काहीच नाही करता येत?" व्हर्नाने विचारलं.

"एक आहे," ऑरिन म्हणाला. "झालेलं मत पुन्हा घ्या असं म्हणता येतं. पण ते जिंकलेल्या बाजूच्या माणसानेच म्हणायला हवं. हरलेल्याला तो हक्क नाही. आणि तेही आजच, सभा उठायच्या आत. जिंकलेला माणूस कशाला उठेल?"

तेवढ्यात जिन्यावर सावकाश पावलं वाजली. ल्यूसिल पेल्तिए खाली आली. ती आधी जेवायला आली नव्हती. रिकाम्या खुर्च्या, अर्धवट ताटल्या, भिंतीशी उभा डेल्बर्ट, सगळं तिने पाहून घेतलं.

"वर इतकी शांतता कशी, म्हणून बघायला आले," ती म्हणाली.

"मी आवाज बंद केला," डेल्बर्ट पुटपुटला. "भाषणांचा."

ल्यूसिलच्या ओठाचा कोपरा हलला. "भाषणांच्या बाबतीत तुमचं मन मी समजू शकते." मग तिने पिशवीतून एक लांब काटा काढला, डोक्यावर काचेची तबकडी असलेला. "चालेल?" तिने विचारलं. व्हर्नाने मान हलवली.

तो काटा माझ्या पोटात गेला. गार, बारीक. ज्याला आजवर डाव सोडून काही लागलं नाही, त्याला ते नवीनच होतं. आम्ही सगळे थांबलो. मीसुद्धा.

"गरम आहे," ती म्हणाली. "चांगला गरम आहे. इतक्या लांबून येऊनही."

"बघा!" डेल्बर्ट उसळला.

"बघा काय? आज आहे. ऑगस्टात, उन्हात, घेवडा हंड्याच्या तळाशी आल्यावर कोण बघणार?"

"तुम्ही या बघायला," व्हर्ना म्हणाली.

"नियम राहिला तर मला यायला नको."

"नियम राहिला तर बघायला काही उरणार नाही." व्हर्ना एवढं सलग क्वचितच बोलायची. पण ती पुढेही बोलली, डाव हातात घट्ट धरून. "त्या दिवशी तुम्ही विचारलंत ते मला लागलं. तुमचं बरोबर होतं. काटा घालायचा हे त्या नियमातलं मला पटतं. पण ते ठेवून बाकीचं काढता येत नाही म्हणतात. मग काटा मीच घालीन. कुणी सांगायला नको. मला फक्त माझी माणसं एका टेबलाला बसवायची आहेत. याचा भाऊ याच्याशी तिथेच बोलतो, दुसरीकडे कुठे नाही."

डेल्बर्टने तोंड फिरवलं. ल्यूसिलने काटा पुसला आणि पिशवीत ठेवला.

"मी विरोधात मत दिलं," ती म्हणाली. "पुन्हा घेतलं तरी विरोधातच देणार. तेव्हा माझ्याकडून काही आशा ठेवू नका." जिन्याशी जाऊन ती वळली. "पण मी माणसांना हरवायला आले होते. खुर्च्यांना नाही."

ती गेली. ऑरिन तिच्या मागे धावला. डेल्बर्टने स्वतः जाऊन त्या डब्याची कळ फिरवली, आणि आम्ही ऐकलं. आधी खाकरणं, मग तो शांत आवाज. "अध्यक्षमहाराज, मी जिंकलेल्या बाजूने मत दिलं होतं. ते मत पुन्हा घ्यावं अशी माझी सूचना आहे."

वर जी कुजबुज झाली ती डब्यातून वाऱ्यासारखी आली. या वेळी भाषणं झाली, आणि सगळी झाली. डेल्बर्टने एकेक शब्द ऐकला, मध्ये हूं की चूं केलं नाही. शेवटी नावं पुकारली. ल्यूसिल पेल्तिए, विरोधात. बोलल्याप्रमाणे. पण बाकीची मतं आमच्याकडे आली, आणि तो नियम अख्खाच्या अख्खा गेला.

डेल्बर्टने टोपी काढून माझ्यावरच आपटली. व्हर्ना मात्र एका खुर्चीवर बसली. "ती हरली," ती म्हणाली. "तिच्याच सूचनेने."

आणि मला ती फळी पुन्हा आठवली. कडी फडक्याने धरा. उपटलेल्या फळीतली ती एक ओळ कुणीतरी लक्षात ठेवायला हवी होती. या वेळी ती ठेवणारी बाई खुर्चीवर बसली होती.

त्यानंतरच्या ऑगस्टात व्हर्नाने सभागृहाच्या भिंतीवर, डावाच्या शेजारी, आणखी एक खिळा ठोकला. त्याला लांब काटा टांगला. शनिवारी मला उकरून आणलं तेव्हा माणसं ताटल्या घेऊन रांगेत होती. व्हर्नाने झाकण उघडलं, पण डाव घातला नाही.

"वाढ की गं!" डेल्बर्ट ओरडला. "जीव गेला माझा."

"थांब. ती आली नाही अजून."

"तिने विरोधात मत दिलं होतं!"

"म्हणूनच."

चिखल लागलेली एक छोटी गाडी दाराशी थांबली. ल्यूसिल उतरली, चष्मा लावला, खिळ्यावरचा काटा काढून माझ्या मधोमध घातला. रांगेने माना पुढे काढल्या.

"किती?" व्हर्नाने विचारलं.

ल्यूसिलने तबकडीकडे पाहिलं, मग व्हर्नाकडे. "पुरेसा," ती म्हणाली. "वाढ."

तेव्हापासून ती दर वर्षी येते. जेवण सुरू असताना मधूनच उठून काटा घालते. शेजारच्या दोन गावांनीही भिंतीवर तसा खिळा ठोकलाय म्हणे, कुणी सांगितलं नसताना. माझा एक कान आता तडकलाय, कडी डगमगते, पण तळ शाबूत आहे. बाकी दिवस मी कोपऱ्यात झाकण लावून बसतो आणि ऑगस्टची वाट बघतो. मला आणखी काही नको.

तुमचं कधी तिकडे येणं झालं तर जरूर जेवायला या. फक्त माझं झाकण उघडलं की लगेच ताटली पुढे करू नका. ती बाई आधी बघेल, तेवढं थांबा. आणि लांबच्या टेबलाला दोन म्हातारे समोरासमोर बसलेले दिसले, तर लोणच्याची बरणी आहे तिथेच राहू द्या. ती तुम्ही उचलून देऊ नका.